हजारी कारंजं आणि मी

परवा नागपूरचे साडू आले होते, त्यांना शनिवारवाडा बघायचा होता. आत शिरायच्या आधी दोन ग्लास उसाचा रस झालेला, पुढचं समजून घ्या. साडू दिल्ली दरवाजाचे खिळे मोजत बसले (हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेत ते) आणि मी पळालो.

जवळच्या बोळात मुतारी सापडली, तर कुलूप. कुलूप नवंकोरं, दार मात्र एका बिजागरीवर लोंबतंय. शेजारी कट्ट्यावर एक काका पेपर वाचत बसलेले.

"काका, याची किल्ली कुणाकडे असते हो?"

काकांनी पेपरची नीट घडी घातली. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"कुठले तुम्ही?"

"कोथरूड."

"म्हणजे बाहेरचेच. पाण्याचं काम पेशव्यांकडून शिकावं. 1749 साली नानासाहेबांनी कात्रजचं पाणी पार इथवर आणायला घेतलं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. जमिनीखालून बांधीव नळ, मधे मधे उच्छ्वास. हवा कोंडली की प्रेशर येतं ना!"

"येतं काका."

"हजारी कारंजं बघितलंत आतलं? सगळ्या तोट्या एकदम सुटल्या की..." आणि काकांनी तोंडाने आवाज काढून दाखवला. सुर्रर्र. मी पाय बदलला.

"आणि 12 जुलै 1961! पानशेत! लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते धरणावर. पण धरण झालं तरी किती धरणार हो?"

"काका, किल्ली."

"ती होय, मुकादमाकडे. तो रजेवर आहे."

अहो मग हे आधी सांगायचं ना! 16,110 रुपयांत अख्खा वाडा उभा राहिला, 1730 ला पाया घातला आणि 1732 ला वास्तुशांत उरकली, आणि आपल्याला एका मुतारीला बदली माणूस मिळत नाही. बायकांचे हाल तर विचारूच नका, आमची ही पेठेत खरेदीला निघायचं असलं की सकाळपासून पाण्याला शिवत नाही. यात हसण्यासारखं काही नाहीये खरं तर.

शेवटी एका हॉटेलात घुसलो. "फक्त ग्राहकांसाठी." 45 रुपयांचं पीयूष मागवलं तेव्हा आत सोडलं. बाहेर आलो तर पीयूष टेबलावर. पैसे दिलेले, टाकवेना. प्यायलो सगळं.

डेक्कनच्या सिग्नलला अडकलो, आणि मागून साडू म्हणतात, "ते कारंजं चालू असताना केवढं उडत असेल हो?"