साबणाच्या पाण्यात कोळसा ‘राखमुक्त’ होत नाही

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या टॉवेल-चादर कारखानदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: बॉयलरचा कोळसा साबणाच्या पाण्यात घुसळा, राख (म्हणजे जळल्यावर राख होऊन उरणारी माती-खनिजं) तळाला बसते, शुद्ध कोळसा वर येतो.

मूळ तत्त्व खरं आहे, फेस-प्लवन म्हणतात त्याला. पण ते चालतं साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भुकटीवर. बॉयलरच्या ढेकळांवर नाही. प्रयोगशाळेत हे काम केलंय म्हणून सांगतो. भुकटीला आधी थोडं डिझेल किंवा केरोसीन चोळावं लागतं, मग पाइन तेलासारखं फेसकारक घालून खालून हवा सोडतात. कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटतात, काळा फेस फळीने ओढून घेतात. फेसकारक जास्त झालं की पाण्याबरोबर चिकणमातीही वर येते, म्हणजे राख उलट वाढते! उघड्यावर पडून ऑक्सिडाइझ झालेला कोळसा तर नीट तरंगतच नाही.

आपल्याकडच्या कोळशात खनिजं आतपर्यंत भिनलेली असतात, त्यामुळे या पद्धतीने राख फक्त कमी होते, शून्य होत नाही. वाटल्यास नमुना ८१५ अंश सेल्सिअसला जाळून उरलेली राख मोजून घ्या. शिवाय ओली भुकटी वाळवण्याचा खर्च वेगळाच.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. तरी तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.