नऊ पिनांचा चकवा
जुन्या पीसीला मॉनिटर जोडताना ‘पिना जुळल्या की झाले’ असे सांगणाऱ्यांना मी आता कोपरापासून हात जोडतो. १९८१ ची एमडीए व सीजीए आणि १९८४ चे ईजीए ही मॉनिटरला चित्र पुरवणारी तिन्ही कार्डे नऊ पिनांचे एकसारखे सॉकेट मिरवतात; पण एमडीए पडद्यावर सेकंदाला सुमारे १८,४०० आडव्या रेघा ओढते, तर सीजीए १५,७००, आणि जोडी चुकली की जुना मॉनिटर चिरका आवाज काढत कायमचा डोळे मिटण्याची धास्ती असते. त्यांच्यानंतरच्या, १९८७ च्या व्हीजीए कार्डाला पंधरा पिना आहेत, त्यामुळे चुकीचा प्लग निदान बसत तरी नाही, हे उपकारच! पण हाती लागलेले व्हीजीए कार्ड नेमके १६ बिटांचे आणि माझ्या मदरबोर्डवरचे (पीसीच्या मुख्य पाटीवरचे) सगळे स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचा, ८ बिटांचे. १६ बिटांची काही कार्डे तिथेही चालतात. कोणती, हे विकणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.