सेंधव्याला गेलेला कापूस

"सरकारने पोलीस, कोर्ट आणि सीमा एवढंच सांभाळावं, बाकी माणसाला मोकळं सोडावं," हेमंतने परवा ठणकावलं आणि शिरपूरच्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला. १९५९ चा राजाजींचा स्वतंत्र पक्ष, १९९४ चा शरद जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष, सगळं त्याला तोंडपाठ.

जिभाऊ उसळले. "काय सांगी राह्यना भो तू! तापीवरचं सुलवाड्याचं बॅरेज व्यापाऱ्याने बांधलं का?"

याला हेमंतकडे धड उत्तर नव्हतं. पण आबा बोलायला लागले.

१९७२ ला महाराष्ट्रात कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली. कापूस आबांचा, पण विकायचा फक्त राज्याच्या पणन फेडरेशनला. केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडर सांगेल ती प्रत, पैसे हप्त्याहप्त्याने. आग्रा रोडवर पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेशात, सेंधव्याला रोख मिळायची. "खाली कापूस, वर कडबा, रात्री आडवाटेने गाडी काढायची. माझ्याच शेतातला माल, अन् चोर मीच!"

जिभाऊ म्हणाले, "मंदीत हेच फेडरेशन कापूस घ्यायचं ना?"

"घ्यायचं. पडत्या भावात उभं राहा, कोण नको म्हणतं? तेजीत का अडवता?"

मला आबांचं म्हणणं पटतं, अगदी मनापासून. कष्टाचा माल कुठे विकायचा हे ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याचाच. चोरबीटी या कापसाच्या बियाण्याचंही तेच. सरकारची मान्यता नाही, तरी बियाणं गुपचूप मिळतं. मात्र बिल मिळत नाही. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? बंदीने बियाणं थांबलं नाही, शेतकऱ्याच्या हातातला कागद तेवढा गेला.

आता केळी बघा. बाहेरचा व्यापारी येतो, घड कापून ट्रक भरतो, चिठ्ठी देतो आणि फोन बंद करतो. माझ्या नात्यातला एक जण अशी चिठ्ठी घेऊन पोलीस ठाण्यात गेला, तर "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवला. हेमंतच्या त्या छोट्याशा सरकारचं सुद्धा हे पहिलं काम: फसवणूक रोखणं, शब्द पाळायला लावणं. नाक्यावर कापूस अडवायला माणसं होती, केळीचे पैसे वसूल करून द्यायला कोणी नाही. सरकार लहान असावं की मोठं यापेक्षा मला हे जास्त सलतं.

"मग परवाना ठेवायचा की नाही?" जिभाऊंनी नेमकं विचारलं.

मी म्हटलं, ठेवायचा. पण व्यापाऱ्याकडून अनामत घेणारा, शेतकऱ्याला बाजार ठरवून देणारा नको.

हेमंतला तेही मान्य नाही. अनामत लावली की गावातला होतकरू पोरगा व्यापारात उतरूच शकणार नाही, जुन्या धेंडांचंच फावेल, असं तो म्हणतो. मुद्दा खरा आहे. रक्कम मालाच्या उलाढालीवर ठरवावी, असं मी सुचवलं. "अन् ती उलाढाल मोजणार कोण, सरकारच ना?" हेमंत म्हणाला, आणि जिभाऊंनी पुन्हा बॅरेजचा विषय काढला.