सॉल्ट एकच, नावं दोन

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या नंदनवन भागातून बहिणीचा फोन आला. आईला दोन दिवस चक्कर येतेय, बी.पी. वरचं शंभराच्याही खाली गेलंय. मी इथे लीड्समध्ये औषधांच्या नोंदींचंच काम करतो. व्हिडिओ कॉल लावून आईला म्हटलं, तुझा गोळ्यांचा डबा कॅमेऱ्यासमोर रिकामा कर. स्टीलच्या डब्यातून दोन पत्ते निघाले. एक नेहमीच्या डॉक्टरांचा, जुना. दुसरा आठवड्यापूर्वी इस्पितळातून सुट्टी देताना लिहून दिलेला. रंग वेगळा, नाव वेगळं, कंपनी वेगळी. मागची बारीक अक्षरं बहिणीने वाचून दाखवली : दोन्हींत टेल्मिसार्टन, ४० मिलिग्रॅम. म्हणजे बी.पी. कमी करणारा एकच घटक, ज्याला मेडिकलवाले 'सॉल्ट' म्हणतात.

आई सात दिवस दोन्ही घेत होती. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. सुट्टीच्या कार्डावर नुसतं ब्रँडचं नाव होतं आणि दोन नावं म्हणजे दोन औषधं, असंच कोणीही समजेल.

आपल्याकडे औषधांवर वाद होतो तो जेनेरिक की ब्रँड, एवढाच. २ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी जेनेरिक, म्हणजे घटकाच्या नावानेच औषध लिहावं असा नियम काढला आणि २३ ऑगस्टला तो स्थगितही केला. त्या तीन आठवड्यांत आमच्या नागपूरच्या मित्रांच्या ग्रुपवर रोज भांडण. धंतोलीत प्रॅक्टिस करणारे म्हणायचे, दर्जाची हमी कोण देणार? बाकीचे डॉक्टरांना कंपन्यांकडून मिळणाऱ्या कमिशनवर बोट ठेवायचे. डॉक्टरांची शंका मला खरी वाटते. मुळात विरघळायला कठीण अशा औषधांच्या नव्या ब्रँडना समतुल्यतेची, म्हणजे ते शरीरात मूळ औषधासारखेच उतरतात का याची, चाचणी सक्तीची झाली तीच २०१७ साली. पण माझ्या आईचा प्रश्न या भांडणात कुठेच नव्हता. हे दोन पत्ते एकच आहेत, हे लिहून कुठे ठेवलंय?

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेची एक औषधसूची आहे. तिच्यात पायऱ्या आहेत. वर नुसता घटक, टेल्मिसार्टन. त्याखाली टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची गोळी, कंपनीविना. त्याखाली प्रत्येक कंपनीचं उत्पादन. पायरीपायरीला स्वतःचा क्रमांक. डॉक्टर बहुतेक वेळा मधली पायरी लिहितो, दुकानदार खालच्यापैकी जे असेल ते देतो. ब्रँड ब्रँडला जोडत बसायचं म्हटलं तर वीस ब्रँडच्या १९० जोड्या होतात. मधल्या पायरीला टांगले की वीस धागे पुरतात. चुकाही तिथेच पकडल्या जातात. क्रोसिन आणि डोलो दोन्ही पॅरासिटामॉल, म्हणून त्यांना सरसकट 'एकच' म्हणता येत नाही, कारण ५००ची गोळी आणि ६५०ची गोळी या वेगळ्या नोंदी आहेत.

आणि मला सगळ्यात आवडते ती गोष्ट अशी, की घटक, मात्रा, स्वरूप जुळलं तरी अदलाबदल चालतेच असं ही सूची धरून चालत नाही. ज्यांचे ब्रँड शरीरात सारखे उतरत नाहीत त्यांच्यावर तशी खूण असते, ते ब्रँडनेच लिहायचं. मिरगीच्या फेनिटॉइन, कार्बामॅझेपिनसारख्या औषधांत रुग्णाला एकाच कंपनीचं देत राहा, असं इथल्या औषध नियामकाने २०१३मध्ये बजावलं. धंतोलीतल्या मित्रांची भीती इथे कोणी उडवून लावली नाही, ती नोंदीत उतरवली.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. दर महिन्याला गोळीचा रंग बदलतो आणि म्हातारी माणसं गोंधळतात. ब्रँड लिहिला असेल तर इथला दुकानदारही स्वतःहून बदलू शकत नाही. ती मुभा देण्याचा बेत सरकारने २०१०मध्ये सोडून दिला.

आपला कायदाही तेच सांगतो. औषध नियम ६५, पोटनियम ११अ : शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या जागी दुसरं देऊ नये, घटक तोच असला तरी. आणि नंदनवनातल्या मेडिकलमधले भाऊ आईला सांगतात, "काकू, सॉल्ट सेमच आहे, कंपनी बदलली फक्त." ते बरोबरच सांगतात. पण ते ज्ञान त्यांच्या डोक्यात आहे. त्यांचा मुलगा काउंटरवर बसला की ते नसतं, आणि इस्पितळाच्या कॉम्प्युटरला तर ते कधी कळलंच नाही.

वाईट याचं वाटतं की काम झालेलं आहे. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या केंद्राने भारतीय ब्रँडना असेच पायऱ्यांचे क्रमांक देणारी सूची काढली आहे. १ ऑगस्ट २०२३पासून तीनशे ब्रँडच्या पत्त्यांवर क्यूआर कोड आला, त्यात जेनेरिक नावही असतं. पण तो कोड त्या एका पत्त्याची ओळख सांगतो, त्याची भावंडं कोण ते सांगत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मेडिकलवाल्या भाऊंनी मला गंजीपेठेतल्या होलसेलरचं बिल दाखवलं. प्रत्येक औषधापुढे बॅच, एक्स्पायरी, एमआरपी आणि ३००४ने सुरू होणारा एचएसएन, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक. जीएसटीसाठी हा क्रमांक गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचला, बिलाच्या सॉफ्टवेअरने तो निमूट छापला. आईच्या दोन्ही पत्त्यांपुढे तोच ३००४. सरकारला ते औषध आहे एवढं कळलं, टेल्मिसार्टन आहे हे नाही. त्याच ओळीत पुण्याच्या सूचीतला क्रमांक छापा, आणि इस्पितळाच्या सुट्टीच्या कार्डावरही तोच. भाऊ म्हणाले, सॉफ्टवेअरवाल्याने रकाना दिला तर मी उद्यापासून भरतो.