चेहरे बघा, पण हवेचा रस्तापण बघा

लेख मस्त, पण टेक्ससमधल्या वॉक्साहॅची गावातल्या जुन्या कोर्टाच्या बिल्डिंगवर लिहिताना निम्मी जागा तिथल्या खांबांवर कोरलेल्या दगडी चेहऱ्यांच्या लव्हस्टोरीलाच दिलीत, मुलीने नकार दिला म्हणून कारागिराने तिचा चेहरा मुद्दाम विद्रूप कोरत नेला वगैरे, गाइड लोक रंगवून सांगतात पण त्याला पक्का पुरावा नाही हो. खरी कमाल आर्किटेक्ट जे. रायली गॉर्डनची. १८९७ ची बिल्डिंग, एसी कुठला, उन्हाळा म्हणजे नुसती भट्टी, तर या पठ्ठ्याने एंट्रन्स आतल्या कोपऱ्यांत सावलीला दिले आणि मधोमध उभी पोकळी ठेवली, म्हणजे गरम हवा टॉवरकडे वर जाणार आणि खालून गार हवा आत ओढली जाणार. आपल्या वाड्यातल्या चौकाचंच लॉजिक! डॅलसजवळ राहणारे आम्ही पाहुणे आले की तिकडे नेतोच, गुलाबी ग्रॅनाइट आणि लाल सँडस्टोन संध्याकाळच्या उन्हात काय दिसतो, आणि पोर्चच्या खांबांवर मान वर करून बघितलं की एकेक थोबाड असं वाकडं की पोरं तिथून हलत नाहीत. बाकी कोर्टाभोवतीच्या जुन्या विटांच्या दुकानांचा एकपण फोटो नाही, असं का? तेवढे टाका ना प्लीज.