सर, फाइली गेलेल्या नाहीत: एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या कॉम्प्युटरवरच्या कुलवृत्तांताच्या फाइली गेलेल्या नाहीत. एकही नाही. बाकीचं खाली सविस्तर लिहितो, पण हे आधी सांगणं भाग होतं. दोनदा फोन केला, तुम्ही कट केलात. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, म्हणून इथेच लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात मांडतो. फोनवर ३०० रुपये सांगितले आणि बिल ४,९५६ चं दिलं. दुरुस्तीला आमच्या दुकानातला मुलगा दोन तास उशिरा आला, मशीन उचलून दुकानात नेलं ते चार दिवस ठेवलं. जुनी 'चांगली' हार्ड डिस्क काढून घेतली. मशीन परत आलं तेव्हा अकरा वर्षं टाइप केलेल्या कुलवृत्तांताच्या जागी 'कचरा' दिसू लागला. आणि शेवटी, सोसायटीतला मुलगा हेच काम ५०० रुपयांत करणार होता, तुम्हीच मूर्ख म्हणून आम्हाला बोलावलंत. 'सगळे दुरुस्तीवाले चोर' हेही लिहिलंयत, त्यावर मी काही बोलत नाही.

आधी तो 'कचरा'. तुम्ही टाकलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहिला. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, डॉलरचं चिन्ह, टक्के, डोक्यावर टिंबं असलेली युरोपियन अक्षरं. फाइल खराब झाली की असं दिसत नाही. खराब फाइल बहुधा एकतर उघडतच नाही, नाहीतर चौकोन आणि रिकाम्या जागा दाखवते. तुमच्या फोटोत ओळींची लांबी जागच्या जागी आहे, परिच्छेद नीट पडलेत, वंशावळीचे रकानेही सरळ आहेत. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांची मशिनं मी बरीच वर्षं सांभाळली आहेत. हे चित्र शेकडो वेळा पाहिलंय. मजकूर जिवंत आहे, फॉन्ट नाही.

आजच्या मुलांना हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोड. त्यात 'क' म्हणजे 'क', कुठल्याही यंत्रावर. पण युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी आपल्याकडे श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम असली सॉफ्टवेअरं चालायची, आणि छपाईच्या धंद्यात ती अजून दिसतात. त्यांच्या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत मराठी आकार बसवलेले. फाइलीत साठतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा कंस, आणि तो फॉन्ट मशीनवर असला तर तुम्हाला तिथे 'क', काना किंवा रफार दिसतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या फाइलीला लावून भागत नाही.

आमच्या दुकानातला मुलगा बावीस वर्षांचा आहे. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो, सगळी डी ड्राइव्ह त्याने काळजीने कॉपी करून घेतली. फॉन्ट राहतात सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या पोटातल्या एका फोल्डरमध्ये, आणि त्याला डेटा असं कोणी म्हणत नाही. त्याने तुम्हाला विचारलं, 'काका, डेटा कुठे कुठे आहे?' तुम्ही बरोबर उत्तर दिलंत. प्रश्नच अपुरा होता. 'रोज काय उघडता, ते एकदा चालू करून दाखवा' असं विचारायला हवं होतं आणि ते मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. मशीन परत दिल्यावर तुमच्यासमोर एक फोटो आणि एक गाणं चालवून दाखवलं. कुलवृत्तांताची एखादी फाइल उघडायला पाहिजे होती. माझ्या दुकानाची खरी चूक ही आहे आणि ती मला मान्य आहे.

आता जुनी हार्ड डिस्क. ती चोरीला गेलेली नाही, दुकानात माझ्या टेबलामागच्या फळीवर आहे, अँटिस्टॅटिक पिशवीत, वर तुमच्या बिलाचा नंबर. डिस्क बदलली की जुनी आम्ही महिनाभर सांभाळतो आणि मग ग्राहकाच्या हातात देतो. काहीतरी मागे राहिलं असं पंधरा दिवसांनी आठवणारी माणसं बरीच असतात. ही पद्धत चांगली आहे, पण तुम्हाला ती कोणी सांगितली नाही, बिलावरही लिहिलेली नाही. मग डिस्क गायब केली असं वाटणारच.

त्या महिनाभराच्या सवयीचा आज उपयोग झाला. तुमचा अभिप्राय वाचल्यावर काल रात्री ती डिस्क पुन्हा जोडली, फॉन्टचं फोल्डर सही-सलामत निघालं. ते फॉन्ट टेबलावरच्या मशीनवर टाकले आणि तुमची एक फाइल उघडली. एकच, पहिलीच. तुम्हाला न विचारता उघडली याबद्दल माफ करा, पण खात्री केल्याशिवाय हे उत्तर लिहिता येत नव्हतं. प्रस्तावना आली समोर. शुद्ध, स्वच्छ मराठी, आणि त्यातला 'मूळ पुरुष' हा शब्दही ठळक केलेला होता तसाच.

ती डिस्क 'चांगली' होती असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र मान्य नाही. मशीन चालू व्हायला नऊ मिनिटं लागत होती, हे तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत. डिस्कच्या आत स्वतःची तब्येत नोंदवणारी एक यादी असते. त्यात १८४ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटा साठवणारे छोटे कप्पे, 'वाचता येत नाहीत, बघू' या रांगेत उभे होते. असा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून बघते, तेवढा वेळ सगळं मशीन तिच्या तोंडाकडे बघत बसतं. कॅबिनेटला कान लावला असतात तर टिक... टिक... टिक असा आवाज ऐकू आला असता. अशी डिस्क घरी बसून तासाभरात निपटता येत नाही. उलट जितक्या वेळा मशीन चालू-बंद कराल तितकी ती खंगते. म्हणून उचलून आणलं. ती कॅबिनेटबाहेर टेबलावर ठेवून, शेजारी छोटा पंखा लावून, हळूहळू कॉपी केली. १९ तास लागले. ६१ हजारांवर फाइलींपैकी १४ वाचता आल्या नाहीत. बारा ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइली होत्या, दोन लग्नाचे फोटो होते. ती यादी छापून बिलाला टाचली होती, बघा मिळते का. चार दिवसांपैकी एक दिवस रविवारचा, एक तपकीर गल्लीच्या बाजारातून एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्या जागी बसवायची नवी वेगवान डिस्क, यायला लागला. दोन तास उशीर झाला त्याला काही सबब नाही.

बिल फोडून सांगतो. २५६ जीबी एसएसडी २,४००, डेटा काढणं ८००, विंडोज आणि बाकीची मांडणी ७००, घरी येण्याचे ३००. झाले ४,२००. वर अठरा टक्के जीएसटी ७५६. फोनवर तुम्हाला ३०० सांगितले ते फक्त येऊन बघण्याचे. 'पार्ट आणि काम वेगळं' हे वाक्य आमच्याकडून राहिलं. एसएसडीच्या किमतीला मुलाने दुकानातून तुम्हाला फोन करून हो म्हणवून घेतलं होतं, पण डेटाचे ८०० त्यात बोलले गेले नव्हते. मला सांगायला लाज वाटते, पण या धंद्यात निम्मी भांडणं असल्या न बोललेल्या आठशे रुपयांवरून होतात.

पाचशेवाल्या मुलाबद्दल वाईट बोलणार नाही, मीही तिथूनच सुरुवात केली. कॉलेजात असताना मित्राच्या वडिलांच्या मशीनला 'फॉरमॅट मारून' वडापाव आणि शंभराची नोट घेतलेली आहे. त्यांचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, डेटाही त्यातच मारला होता, ते नंतर कळलं. पाचशेत विंडोज पडतं. आजारी डिस्कवरून १९ तास डेटा ओढणं त्यात बसत नाही, आणि पडणारं विंडोज बहुधा क्रॅक केलेलं असतं. तुमच्या मशीनवर आधी होतं तेच अस्सल विंडोज १० टाकलंय, लायसन्स त्याच बोर्डाचं असल्यामुळे आपोआप लागलं. ११ का नाही टाकलं, हेही तुम्ही विचारलंत. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीतला, इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे. आडवाटेने बसवता येतं, पण उद्या अपडेट अडकला की तुम्ही मलाच शोधणार. १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वर्षभराची जादा सोय आहे, तिची नोंदणी तुमच्यासमोर करून देईन.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, मला ती सगळ्यात जास्त लागली. आमच्याआधी इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्यातरी 'हेल्पलाइन'ला फोन केलात, त्यांनी पडदा ताब्यात घेतला, व्हायरस दाखवला आणि २,००० घेतले. सर, जुन्या डिस्कवर ते पडदा ताब्यात घेणारं ॲप अजून होतं, मशीन चालू झालं की आपोआप सुरू होणारं. नव्या एसएसडीवर ते आणलेलं नाही. पण त्या दिवसांत याच मशीनवरून बँक उघडली असेल तर पासवर्ड आजच बदला, मोबाइलवरून. आणि १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, रक्कम लहान असली तरी. एकदा फसलेल्या माणसाला पुढचा येणारा चोरच वाटतो, यात तुमचं काही चुकत नाही.

आता मी काय करतो ते. घरी येण्याचे ३०० आणि मांडणीचे ७००, जीएसटी धरून १,१८० रुपये परत. एसएसडी आणि डेटाचे पैसे मी ठेवतो, ते काम झालेलं आहे. अभिप्राय काढा असं म्हणणार नाही, राहू दे. आमच्या मुलांच्या कागदावर कालपासून दोन ओळी वाढल्यात: ग्राहक रोज जे उघडतो ते आधी उघडून बघायचं, आणि वायरी काढण्याआधी कॅबिनेटच्या पाठीचा फोटो घ्यायचा.

पाठीच्या फोटोचं कारणही तुम्हीच. तुमच्या मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे तो डोंगल, मागच्या यूएसबीत होता. आमच्या मुलाने जुना पेन ड्राइव्ह समजून काढला आणि तुमच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात टाकला. त्याला काल विचारलं तेव्हा आठवलं. फॉन्टमुळे वाचता येईल, पण पुढे टाइप करायला सॉफ्टवेअर आणि तो डोंगल दोन्ही लागतील. सॉफ्टवेअरची सीडी शोधून ठेवा, सीडी ड्राइव्ह मी आणतो.

हवं तर सगळं युनिकोडमध्येही करून देतो, त्याचे पैसे नकोत. मात्र कन्व्हर्टर मारला की काम संपलं असं नसतं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर ती भलत्याच ठिकाणी टेकवतो. आणि 'ऱ्या' म्हटलं की त्याची पुरती भंबेरी उडते. कुलवृत्तांतात 'दुसऱ्या पत्नीपासून', 'तिसऱ्या पिढीत' हे पानोपानी असणार, तेव्हा नजरेखालून घालायचं काम तुमच्याकडेच राहील.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी स्वतः येतो, जुनी डिस्क आणि फॉन्ट घेऊन. वेळ चालत नसेल तर दुकानाच्या नंबरवर नुसता निरोप टाका. तोवर एकच विनंती. 'फॉन्ट बदलूनही बघितला' असं तुम्ही लिहिलंय. बदलून तसंच बंद केलं असेल तर काही बिघडलेलं नाही. पण पुन्हा ती फाइल उघडून सगळं सिलेक्ट करून मंगल किंवा दुसरा कुठलाही फॉन्ट लावलात आणि सेव्ह केलंत, तर कुठला तुकडा मराठी होता आणि कुठला खरोखर इंग्रजी, ही खूण पुसली जाते. मग जुना फॉन्ट परत लावताना परदेशातल्या नातेवाइकांचे इंग्रजी पत्तेसुद्धा मराठी फॉन्टात जाऊन बसतील. बंद करताना वर्डने विचारलंच, तर 'नो'.