लंगोट ओला होतोय म्हणून सोनोग्राफी टाळू नका

काल रात्री साडेदहाला धाकट्या जावेचा दवाखान्यातून फोन आला. बाळ दीड दिवसाचं आहे. सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत त्याच्या दोन्ही किडन्यांना सूज दिसली होती, म्हणून आज डिस्चार्जच्या आधी पुन्हा सोनोग्राफी करायची ठरलीय. आणि ही विचारतेय, "ताई, नको म्हणून सांगू का? आईच्या ग्रुपवर हा मेसेज आलाय."

मेसेज वाचला आणि माझी झोपच उडाली. 'मुलाला लघवी थेंब थेंब होते? घाबरू नका, ऑपरेशनच्या नादी लागू नका' अशी सुरुवात आणि खाली उपाय. माझ्या मुलाला जन्मतः हाच आजार होता, लघवीच्या वाटेत अडथळा. तो आता नऊ वर्षांचा आहे. त्यामुळे मेसेजमधला एकेक मुद्दा घेतेच.

'लंगोट ओला होतोय म्हणजे अडथळा नाही.' साफ चूक. डॉक्टर याला पीयूव्ही म्हणतात, म्हणजे पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह. मुलग्याच्या मूत्रमार्गात, मूत्राशयाच्या जरा खाली, गर्भातच एक पातळ पडदा तयार झालेला असतो. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांत एकाला. मार्ग पूर्ण बंद नसतो, लघवी झिरपत राहते. आमचाही लंगोट ओला व्हायचा. पण बाळ कुंथायचं, तोंड लालबुंद व्हायचं आणि दुपट्यावर चार थेंब पडायचे. बेंबीखाली हात ठेवला की अक्रोडासारखा टणक गोळा लागायचा. तो लघवीने भरलेला मूत्राशय होता. मी दोनदा विचारलं, दोनदा उत्तर मिळालं, "लघवी होतेय ना, मग झालं." एकोणिसाव्या दिवशी बाळ तापाने फणफणलं, दूध ओढेना, तेव्हा कुठे निदान झालं.

आता तो उपाय, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. 'ओटीपोटावर गरम तेल लावून हाताने खाली दाबा, धार मोकळी सुटेल.' अहो, हे करू नका! तो पडदा शिडासारखा असतो. वरून लघवीचा जोर आला की फुगतो आणि वाट अडवतो. जितकं दाबाल तितका दाब मूत्राशयात वाढणार. यातल्या बऱ्याच मुलांमध्ये मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढत असते, म्हणजे तुमच्या हाताचा दाब थेट सुजलेल्या किडनीवर जातो. त्या लघवीत जंतू असतील तर तेही वर जातात. डॉक्टर आधी एक बारीक नळी घालतात. खालून आत जाताना पडदा बाजूला होतो, त्यामुळे नळी सहसा सहज जाते. ती सहज गेली म्हणजे अडथळा नव्हताच, असंही कोणी समजू नये. नळी घातल्यावर आमच्या बाळाला इतकी लघवी होऊ लागली की दोन दिवस नर्स तासातासाला मोजून लिहीत होत्या आणि त्या हिशेबाने सलाईन बदलत होतं. हे घरी तेल लावून होणारं काम आहे का?

'पाणी आणि गोखरूचा काढा पाजा.' तान्ह्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको. आजारी किडनीला जादा पाणी झेपत नाही, रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात.

'रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर पुढे काही करू नका.' पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते ज्यावरून कळतं, तो घटक) बरंचसं आईचं असतं. त्यावर विसंबायचं नसतं.

'ऑपरेशनने मूल पुढे नपुंसक होतं.' पोट फाडत नाहीत. मूत्रमार्गातूनच बारीक दुर्बीण घालून पडदा कापतात. पुढे धोका असतो तो न कापलेल्या पडद्याने खराब केलेल्या किडनीचा.

'गर्भात दिसलेली सूज आपोआप जाते.' हे अर्धं खरं आहे, मान्य करते. सौम्य सूज बहुतेक बाळांची जाते. पण आपलं बाळ त्यातलंच आहे, हे तपासल्याशिवाय कसं कळणार? इंडियन सोसायटी ऑफ पेडिॲट्रिक नेफ्रॉलॉजी या लहान मुलांच्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनेची 2013 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: गर्भात सूज दिसलेल्या प्रत्येक बाळाची सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात, आणि पीयूव्हीचा संशय असेल, गर्भजल कमी असेल किंवा दोन्ही किडन्यांना जास्त सूज असेल तर 24 ते 48 तासांत. पहिली नॉर्मल आली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. मेसेज लिहिणाऱ्याने यातली एक ओळ तरी वाचायची होती.

आणि हो, ऑपरेशननंतरही काही मुलांच्या किडन्या निकामी होतात, हेही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. खरं आहे. काही नुकसान गर्भातच झालेलं असतं, ते ऑपरेशनने भरून येत नाही. माझ्या मुलाचं क्रिएटिनिन आजही दर तीन महिन्यांनी तपासतो. म्हणून उरलेली किडनी जपायची, की तेल लावून वाट बघायची?

आत्ता सकाळचे सहा वाजलेत, सोनोग्राफी नऊला आहे. जावेला सांगितलंय, सातव्या महिन्याचा रिपोर्ट हाताशी ठेव आणि लंगोट बदलताना बाळाला लघवी झाली तर मोबाइलवर व्हिडिओ काढ. धार चांगली दिसली तरी सोनोग्राफी करायचीच. मी आठपर्यंत पोचते.